कालच्या पाणीपुरीवर आळ का घेता?

ताप आला की आपण आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवतो. टायफॉइडचा जंतू मात्र त्याच्या कितीतरी आधी पोटात शिरलेला असतो. मग त्याला अडवायचं कुठं? कळव्यातल्या एका 'एक्स-पेशंट'चा हा अनुभव.

'मागच्या दोन-तीन आठवड्यांत कुठं कुठं पाणी प्यायलीस?'

डॉक्टरांनी विचारलं आणि मी एकदम ब्लँक झाले.

सेकंड इयरला, ऐन इंटर्नल्सच्या आठवड्यात मला टायफॉइड झाला. मी मनातल्या मनात आदल्या संध्याकाळच्या पाणीपुरीला आरोपी ठरवून मोकळी झाले होते. डॉक्टर म्हणाले, 'तिला सोड. हा जंतू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे जातात, कधी त्याहून जास्त.'

मग पडल्या पडल्या मी हिशोब मांडला. कॉलेजच्या कूलरचं पाणी. बर्फ घातलेलं लिंबू सरबत. मैत्रिणीच्या बाटलीतले दोन घोट. कळवा ते ठाणे एकच स्टेशन, पण लोकलचा दांडा धरलेल्या त्याच हातानं उतरल्या उतरल्या खाल्लेला वडापाव. कापून ठेवलेलं कलिंगड. यादी संपेना आणि आरोपी काही सापडेना. खरं तर तो बहुतेकांना सापडतच नाही. म्हणून एका गाडीवाल्याशी कट्टी करून भागत नाही. जंतूची येण्याची वाटच बंद करावी लागते.

वाट कुठली?

टायफॉइडच्या जंतूचं नाव साल्मोनेला टायफी. तो राहतो फक्त माणसात. एकाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाणी, अन्न किंवा हात यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातो. ऐकायला घाण वाटतं, पण पोट बिघडवणाऱ्या बऱ्याच जंतूंची वाट हीच. ती अडवायच्या चार जागा आपल्या हातात आहेत.

पाणी : नळाला ठरावीक वेळच पाणी येत असेल, तर बाकी वेळ पाइपातला दाब गेलेला असतो. कुठं गळती असली की तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्या आल्या लगेच पिण्याचं भरू नका, थोडं वाहू द्या. मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. त्यात ग्लास बुडवायचा नाही, ओगराळ्यानं घ्यायचं. आजी हे कायम सांगायची, आम्ही हसायचो.

बाटली : आता तुमच्या बाटलीच्या झाकणातली रबरी रिंग काढून बघा. बुळबुळीत लागली ना? तो जंतूंचा थर असतो, नुसतं विसळून जात नाही. रोज साबण आणि ब्रशनं घासा, उलटी ठेवून वाळवा.

हात : टॉयलेटहून आल्यावर आणि खायच्या आधी साबणानं वीस सेकंद. बोटांच्या मध्ये आणि नखांखालीसुद्धा. सॅनिटायझर सोय म्हणून ठीक, पण हात मळलेले किंवा तेलकट असतील तर त्याचा जोर कमी पडतो. कागदी साबणाची डबी बॅगेत सहज मावते.

बर्फ आणि डबा : गार केलं म्हणजे जंतू मेले असं नसतं. बर्फ जितका चांगल्या पाण्याचा, तितकाच तो चांगला. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात नेत असाल तर थांबा. बॅसिलस सेरियस नावाच्या दुसऱ्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि उबदार भातात विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

दोन गोळ्यांची चूक

ताप आला त्या दिवशी मी एक शहाणपणा केला होता. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या. टायफॉइडच्या पक्क्या निदानासाठी ब्लड कल्चर करतात आणि त्याचं रक्त अँटिबायोटिकच्या आधी द्यायचं असतं. माझ्या पहिल्या सॅम्पलमध्ये काही उगवलंच नाही. पुन्हा रक्त दिलं, निदानाला उशीर झाला, इंटर्नल्स बुडाल्या ते वेगळंच.

हे फक्त माझं नुकसान नाही. अर्धवट आणि नको तिथं घेतलेल्या औषधांना जंतू सरावतात. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून टायफॉइडचा असा प्रकार पसरला, की नेहमीची बहुतेक औषधं त्याच्यावर चालेनात. आपल्याकडेही एकेकाळी हमखास लागू पडणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता टायफॉइडवर भरवशाचं राहिलेलं नाही. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि मीच पसरवला तर?

बरी झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, 'काही आठवडे स्वयंपाकाला हात लावू नकोस.' कारण ताप गेला तरी काहींच्या शरीरातून जंतू बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन याचं जगप्रसिद्ध उदाहरण. ती स्वतः ठणठणीत होती, पण ती काम करी त्या घरांत माणसं टायफॉइडनं आजारी पडत. १९०७ मध्ये ती सापडली, नंतर सुटली, नाव बदलून पुन्हा स्वयंपाक करायला लागली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात पुन्हा साथ आली, तेव्हा ती परत पकडली गेली. आपण नेहमी 'मला कुणामुळे झालं' हे विचारतो. 'माझ्यामुळे कुणाला होईल' हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

एक चांगली गोष्टही सांगते. आमच्या विटाव्याच्या पुढं गेलं की दिघा, म्हणजे नवी मुंबई. तिथल्या महापालिकेनं २०१८ मध्ये टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस मोहीम काढून एक लाखाहून जास्त मुलांना दिली. देशातली ही अशी पहिली सरकारी मोहीम. ही लस मोठ्यांनाही घेता येते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण लस घेतली तरी हात धुवायला सुट्टी नाही.

आणि हो, पाणीपुरी मी अजूनही खाते. फक्त आधी हात धुते. बाटली मात्र कुणाला देत नाही. राग मानू नका!