एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखले जाते. याच गौतमाबाईंना १७३४ मध्ये पेशव्यांनी ‘खासगी’, म्हणजे पतीच्या दौलतीहून वेगळे आणि स्त्रीच्या स्वतःच्या हुकमतीत राहणारे उत्पन्न, लावून दिले होते. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, ऑगस्ट १९७९ मध्ये, इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शहाबानो बेगम यांना दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर केली. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढलेल्या या पाच मुलांच्या आईने दरमहा ५०० रुपये मागितले होते. वकिली करणाऱ्या पतीचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपये असल्याचे तिचे म्हणणे होते, आणि अर्ज प्रलंबित असतानाच, नोव्हेंबर १९७८ मध्ये, त्याने तिला तलाक दिला होता.

हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा होता. ऐपत असूनही बायकोमुलांना किंवा आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याकडून, कोणत्याही धर्माचा असो, झटपट पोटगी मिळवून देणे हा या कलमाचा हेतू होता. पण त्याच कलमाने तेव्हा महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती आणि ती १९५५ पासून बदललेली नव्हती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जुलै १९८० मध्ये २५ चे १७९ रुपये २० पैसे केले, तेव्हा पती सर्वोच्च न्यायालयात गेला.

सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्याचे अपील फेटाळले. इद्दत, म्हणजे तलाकनंतरचा साधारण तीन महिन्यांचा काळ, संपल्यावरही निर्वाह न करू शकणाऱ्या स्त्रीला कलम १२५ लागू राहते, हे त्या निकालाने ठामपणे सांगितले, आणि ते योग्यच होते. त्याचबरोबर कुराणातील आयतींचा अर्थ आणि समान नागरी कायद्याची निकड यांवरही निकालपत्राने भाष्य केले, आणि पुढचे सारे वादळ त्यावरून उठले. पोटगीच्या रकमेबाबत मात्र निकालाच्या अखेरीस एवढेच आले, की दाव्याच्या खर्चापोटी तिला १०,००० रुपये द्यावेत आणि वाढीव पोटगी हवी असल्यास तिने कलम १२७ खाली अर्ज करावा. जिने वयाच्या बासष्टाव्या वर्षी दाद मागितली, तिला सात वर्षांनी पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग दाखवला गेला. निकालाचे मोल त्यातील तत्त्वाइतकेच हातात पडणाऱ्या पैशावरही ठरते, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या पातळीवर निसटली.

समाजाच्या दबावाखाली त्याच वर्षी शहाबानो यांनी निकाल नाकारणारे पत्रक काढले, आणि १९८६ मध्ये संसदेने तलाकपीडित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा करून पतीची जबाबदारी इद्दतपुरतीच ठेवल्याचे दिसू लागले. त्याचा अर्थ लावताना उच्च न्यायालये दुभंगली: आंध्र प्रदेशात १९९० मध्ये संकुचित अर्थ मान्य झाला, तर मुंबईच्या पूर्णपीठाने २००० मध्ये उदार अर्थ स्वीकारला, म्हणजे एकाच देशात राज्याची हद्द ओलांडली की हक्क बदलत होता. इद्दतीच्या काळातच पुढील आयुष्याची रास्त तरतूद करणे पतीवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतीफी खटल्यात सप्टेंबर २००१ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात ५०० रुपयांची मर्यादाही केंद्रीय कायद्यातून गेली. शहाबानो १९९२ मध्येच निवर्तल्या होत्या.

मुस्लिम स्त्रीपुरता हा प्रश्न असता, तर जुलै २०२४ च्या निकालाने, ज्यात तलाकपीडितेला कलम १२५ चा मार्गही खुला असल्याचे स्पष्ट झाले, तो मिटला असता. परंतु पोटगीचा आदेश आणि पोटगी यांतील अंतर सर्वच धर्मांच्या स्त्रियांच्या वाट्याला येते. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट काढायचे तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालणाऱ्या स्त्रीची मजुरी बुडते ती वेगळीच. पोटगी आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सादर करावे, असे नागपूर खंडपीठाच्या आदेशावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले. शहाबानो खटल्यात पतीचे उत्पन्न किती, याचा अशा प्रतिज्ञापत्राने पहिल्याच टप्प्यावर छडा लागला असता.