रिपॉझिटरीतून थेट लायब्ररी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लायब्ररीतला बग मुख्य ब्रँचवर दुरुस्त झालेला असतो, पण नवी आवृत्ती एनपीएमवर आलेली नसते. कधी लायब्ररी तिथे टाकलेलीच नसते. मग बरेच जण गिटहबवरून झिप उतरवून फाइली प्रोजेक्टमध्ये कॉपी करतात, कारण एनपीएमवर नाही म्हणजे इन्स्टॉल करता येत नाही, असा समज असतो. तसं नाही. ‘एनपीएम इन्स्टॉल’पुढे पॅकेजच्या नावाऐवजी रिपॉझिटरीचा पत्ता चालतो; गिटहबसाठी ‘मालक/रिपॉझिटरी’ एवढंच पुरतं. रूट फोल्डरमध्ये पॅकेज.जेसन मात्र हवी. तिच्यात ‘प्रायव्हेट: ट्रू’ लिहिलेलं असलं तरी अडत नाही, ती नोंद फक्त प्रकाशन रोखते.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो दुसरा गैरसमज: रिपॉझिटरीत आहे तेच पॅकेजमध्ये असतं. इन्स्टॉल विनातक्रार पार पडतं आणि इम्पोर्ट करताच ‘मॉड्यूल सापडलं नाही’ अशी एरर येते. नोड-मॉड्यूल्समध्ये लायब्ररीचं फोल्डर उघडून पाहा. पॅकेज.जेसनमधलं ‘मेन’ डिस्ट फोल्डरातल्या इंडेक्स.जेएसकडे बोट दाखवतं आणि डिस्ट फोल्डरच नसतं. टाइपस्क्रिप्टमधून तयार होणारा कोड लेखक सहसा गिटमध्ये ठेवत नाहीत, गिट-इग्नोरमध्ये टाकतात. उपाय लेखकाच्या हातात आहे: ‘प्रिपेअर’ स्क्रिप्ट. गिटवरून इन्स्टॉल करताना ती दिसली, तर एनपीएम आधी लायब्ररीच्या डेव्ह-डिपेंडन्सीज आणतं आणि मग ती स्क्रिप्ट चालवतं. तरीही एक खोच राहते. ‘फाइल्स’ यादी आणि एनपीएम-इग्नोर दोन्ही नसतील, तर पॅकेज बांधताना गिट-इग्नोरच लागू होतं आणि ‘मेन’ची फाइल सोडून नुकतंच बिल्ड झालेलं डिस्ट वगळलं जातं. म्हणून पॅकेज.जेसनमध्ये ‘प्रिपेअर’ आणि ‘फाइल्स’ दोन्ही आहेत का, हे इन्स्टॉल करण्याआधीच बघावं. नसतील तर रिपॉझिटरी फोर्क करून ती भर घालावी, जमल्यास मूळ लेखकाला पुल रिक्वेस्टही पाठवावी.

ब्रँचचं नाव दिलं की आवृत्ती पक्की झाली, हाही भ्रमच. ब्रँच रोज पुढे सरकते, टॅगसुद्धा हलवता येतो. लॉक फाइलमध्ये नेमक्या कमिटची नोंद होते, पण ती फाइल गिटमध्ये नसेल तर सहकाऱ्याच्या मशीनवर वेगळाच कोड येऊ शकतो. पत्त्यानंतर # लावून पूर्ण 40 अक्षरी कमिट हॅश लिहिणं उत्तम.

‘सोर्स समोर आहे, म्हणजे सुरक्षित’ यात थोडं तथ्य आहे. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लायब्ररीच्या प्रकरणात तिला लागणाऱ्या फ्लॅटमॅप-स्ट्रीम या पॅकेजमधला घातक कोड एनपीएमवरच्या प्रतीत होता, गिटहबवर नव्हता. पण प्रिपेअर स्क्रिप्ट तुमच्याच मशीनवर, तुमच्याच परवानग्यांनिशी चालते. त्यामुळे ती वाचल्याशिवाय अनोळखी रिपॉझिटरी इन्स्टॉल करू नये.

माझ्याकडे चाललं म्हणजे सर्व्हरवरही चालेल, असंही गृहीत धरू नका. नोडच्या स्लिम आणि अल्पाइन डॉकर इमेजमध्ये गिट नसतं. ते आधी घालावं लागतं. खाजगी रिपॉझिटरी असेल तर सर्व्हरला एसएसएच की किंवा टोकनही लागतो. आणि लायब्ररी मोनोरेपोच्या एखाद्या उपफोल्डरमध्ये असेल, तर एनपीएमला तेवढाच भाग गिटवरून उचलता येत नाही. पीएनपीएम आणि नव्या यार्नमध्ये ती सोय आहे.