पाचशे चार विरुद्ध पस्तीस

२ डिसेंबर १९४४. बाल्टिमोरच्या म्युनिसिपल स्टेडियमवर अमेरिकेच्या लष्करी आणि नाविक अकादम्यांचा फुटबॉल सामना होता. लष्करी अकादमीचे, म्हणजे वेस्ट पॉइंटचे, कॅडेट तिथे पोचले ते सैनिकवाहू जहाजातून, आणि त्या जहाजाभोवती पहारा होता नौदलाच्या विनाशिकांचा. ज्यांना हरवायचं, त्यांच्याच राखणीत प्रवास! तिकीट हवं असेल तर आधी युद्धरोखे घ्या, अशी प्रेक्षकांना अट होती. त्या एका सामन्यापायी ५ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त रकमेचे रोखे खपले.

तरी हे बरंच म्हणायचं. १९४२ साली प्रवासावर इतके निर्बंध होते, की वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांना नाविक अकादमीच्या गावी, अ‍ॅनापोलिसला, जाताच आलं नाही. मग नौदलाच्याच काही कॅडेटांना हुकूम सुटला: तुम्ही आज लष्कराच्या बाजूने ओरडा. शिस्त म्हणजे शिस्त. ते ओरडले.

अमेरिकेतला फुटबॉल हाताने पळवायचा आणि फेकायचा. कबड्डी खेळलेल्याला तो लवकर कळतो. चढाईच करायची, फक्त श्वासाचं बंधन नाही; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे ६ गुण.

वेस्ट पॉइंटमध्ये या खेळाचं प्रस्थ फार जुनं. आयझेनहॉवरचा गुडघा कॅडेट असताना १९१२ साली याच खेळात दुखावला होता. पण १९४० साली संघाने अख्ख्या मोसमात एकच सामना जिंकला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तर ४८-० असा धुव्वा उडवला. अकादमीचे नवे प्रमुख रॉबर्ट आयकेलबर्गर यांनी मग डार्टमथ कॉलेजातून अर्ल ‘रेड’ ब्लेक यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. ब्लेक १९२० साली वेस्ट पॉइंटमधूनच बाहेर पडलेले. ते शिकत होते तेव्हा तिथले प्रमुख होते डग्लस मॅकआर्थर, आणि मॅकआर्थरांना फुटबॉलचं वेड होतं. गुरुशिष्यांमधला तो धागा पुढे तुटला नाही.

ब्लेक कडक शिस्तीचे होते, आखणीत पक्के होते, हे खरंच. पण १९४४च्या मोसमाचं सगळं श्रेय त्यांच्या पदरात टाकायला माझं मन घेत नाही. त्या वर्षी देशातली धडधाकट पोरं युरोपात नाही तर पॅसिफिकमध्ये लढत होती. कित्येक कॉलेजांनी संघच गुंडाळून ठेवले होते. लष्कराने इतर कॉलेजांत प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या जवानांना सामने खेळायची परवानगी नव्हती. नौदलाने मात्र आपल्या प्रशिक्षणार्थींना ती दिली होती. वेस्ट पॉइंटचा कॅडेट लष्करातच असल्यामुळे त्याला सक्तीच्या भरतीची धास्ती नव्हती, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मुख्य संघात खेळता येत होतं. देशातले उत्तम खेळाडू वेस्ट पॉइंटला, हडसन नदीच्या काठावर, गोळा झाले, त्यामागे हेही होतं.

त्यांतले दोघे तर कथेत शोभावेत असे. फेलिक्स ‘डॉक’ ब्लँचर्ड हा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातला दणकट गडी. नौदलाच्या प्रशिक्षणात शिरायला गेला, तर वजन जास्त आणि नजर कमी म्हणून परत पाठवला गेला. मग साधा सैनिक म्हणून लष्करात भरती झाला आणि तिथून वेस्ट पॉइंटला आला. दुसरा ग्लेन डेव्हिस, कॅलिफोर्नियाचा, वाऱ्यासारखा धावणारा. आपल्या जुळ्या भावालाही प्रवेश मिळाला तरच येईन, असं म्हणून तो आला. १९४३ साली मैदान गाजवलं आणि गणितात नापास झाला. वेस्ट पॉइंटचं गणित कुणाची भीड धरत नाही. अकादमी सोडून शिकवणी लावावी लागली, आणि १९४४ साली तो पुन्हा पहिल्याच वर्षात येऊन बसला.

मोसमाची सुरुवात ब्लँचर्डच्या जुन्या विद्यापीठापासूनच झाली: नॉर्थ कॅरोलिना, ४६-०. मग ब्राउन ५९-७, पिट्सबर्ग ६९-७, तटरक्षक दलाची अकादमी ७६-०, व्हिलानोव्हा ८३-०. हे आकडे वाचताना मला आनंदापेक्षा संकोचच जास्त वाटतो. ड्यूकविरुद्ध मात्र २७-७, तिथे जरा घाम गाळावा लागला.

नोत्र दामचा सामना वेगळा. १९३१ नंतर लष्कराने त्यांना हरवलं नव्हतं. १९३८ नंतर तर त्यांच्याविरुद्ध एक गुणही मिळवला नव्हता. ११ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सगळी थकबाकी एकदम वसूल झाली: ५९-०. पुढच्याच आठवड्यात ४८-० वाल्या पेनसिल्व्हेनियालाही ६२-७ अशी परतफेड झाली.

उरलं नौदल. आधीची सलग पाच वर्षं तेच जिंकत आले होते. क्रमवारीत लष्कर पहिलं, नौदल दुसरं. उत्तरार्धात फरक ९-७ इतकाच उरला, तेव्हा मोसमात पहिल्यांदा हातातला सामना निसटतोय की काय असं वाटू लागलं. नेमका तेव्हा डेव्हिसने नौदलाचा एक पास मधल्यामध्ये पकडला. मग चेंडू पुन्हा पुन्हा ब्लँचर्डच्या हाती. नौदलाने जड म्हणून नाकारलेलं ते वजन नौदलाच्याच फळीवर आदळत राहिलं आणि शेवटी रेषेपार गेलं. त्यानंतर डेव्हिस एकदा जो सुटला तो कुणाच्या हाती लागलाच नाही. २३-७.

नऊ सामने, नऊ विजय. गुण ५०४, दिलेले ३५. सरासरी बरोबर ५६. मॅकआर्थर तेव्हा फिलिपिन्समधल्या लेते बेटावर जपान्यांशी लढत होते. तिथून त्यांची ब्लेकना तार आली: हा विजय साजरा करायला आम्ही युद्ध थांबवलं आहे. युद्ध अर्थातच थांबलं नव्हतं.

आपल्याकडे दोनच वर्षांनी ऑकिनलेक समितीने तिन्ही दलांच्या एकत्र प्रबोधिनीची शिफारस केली, तेव्हा तिच्यासमोर नमुना होता वेस्ट पॉइंटचाच. खडकवासल्याची प्रबोधिनी उभी राहिली त्यातून. हा हाताने खेळायचा फुटबॉल मात्र सोबत आला नाही.

ब्लँचर्डला १९४५चा आणि डेव्हिसला १९४६चा हाइजमन पुरस्कार, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. ती नावं तिथे अजून घेतली जातात. १९४४च्या संघाचा कर्णधार मात्र त्या दोघांपैकी कुणीच नव्हता. तो होता टॉम लोम्बार्डो, सेंट लुईसचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू. १९४५ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला, आणि २४ सप्टेंबर १९५० रोजी कोरियात लढताना मारला गेला. तिथले सरसेनापती होते डग्लस मॅकआर्थर.