रेषा संगणक आखतो, तारीख कोण ठरवतं?

1765 साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन अकादमीत शिकवणाऱ्या जोसेफ प्रीस्टली यांनी चरित्रांचा एक मोठा तक्ता छापला. इसवी सनापूर्वी 1200 पासून इसवी सन 1800 पर्यंतच्या पट्ट्यावर सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्यं आडव्या रेघांनी दाखवलेली होती. ज्याचं आयुष्य लांब, त्याची रेघ लांब. जन्ममृत्यूच्या सालाबद्दल शंका असेल तिथे प्रीस्टलींनी ठिपके दिले होते.

तेच काम आज सातवी-आठवीतली मुलं ब्राउझरमध्ये, गटागटाने करू शकतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने तयार केलेलं ‘टाइमलाइनजेएस’ हे कालरेषा आखण्याचं साधन मोफत आहे. ‘पॅडलेट’ या ऑनलाइन फलकावरही कालरेषेचा साचा मिळतो. साधनं हाताळायला सोपी आहेत, पण त्यांच्याविषयी काही गैरसमज घट्ट बसलेत.

गैरसमज 1: कालरेषा म्हणजे रंगीत सनावळी.

वस्तुस्थिती: सनावळीत घटना एकाखाली एक येतात, कोण कोणाच्या काळात होतं, ते तिच्यात दिसत नाही. महात्मा फुले (1827–1890), न्यायमूर्ती रानडे (1842–1901) आणि लोकमान्य टिळक (1856–1920) मुलांना बहुधा वेगवेगळ्या धड्यांत भेटतात. तिघांच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या, की 1856 ते 1890 ही चौतीस वर्षं तिघंही हयात होते हे लगेच लक्षात येतं. मग वर्गातूनच प्रश्न येतो, ‘यांचा एकमेकांशी संबंध आला होता का?’ कोल्हापूर प्रकरणातल्या 1882 च्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि त्यांचे सहकारी आगरकर यांच्या जामिनासाठी फुल्यांच्या वर्तुळातले रामशेट उरवणे पुढे आले होते. शोध घ्यायला एवढा धागा पुरे.

मात्र त्यासाठी घटनेची सुरुवात आणि शेवट, दोन्ही नोंदवावे लागतात. टाइमलाइनजेएसच्या तक्त्यात शेवटच्या सालासाठी आणि गटासाठी वेगळे रकाने आहेत. घाईत ते रिकामे सोडले, तर रेषेवर नुसते सुटे ठिपके उरतात.

गैरसमज 2: तारीख टाकली की साधन ती अचूक जागी बसवतं.

वस्तुस्थिती: पॅडलेटच्या साच्यात नोंदी एकापुढे एक, सारख्या अंतरावर येतात. शिवाजी महाराजांचं निधन (1680), पानिपत (1761) आणि पेशवाईचा अस्त (1818) तिथे सारखेच लांब दिसतात. प्रत्यक्षात पहिलं अंतर 81 वर्षांचं आहे, दुसरं 57 वर्षांचं. टाइमलाइनजेएस खालच्या पट्टीवर काळाचं प्रमाण सांभाळतं. पण तिथेही मुलांना साल, महिना आणि दिवस वेगवेगळ्या रकान्यांत भरावे लागतात. ते सोयीचंच आहे, कारण एक्सेलसारखा प्रोग्राम 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही.

खरी अडचण त्याच्याही आधीची आहे: भरायची तारीख कोणती? शिवजन्माच्या दोन तिथी चर्चेत राहिल्या आहेत. वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549 ही एक. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही दुसरी. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, हे मुलांना पाठ असतं. त्या हिशेबाने पहिली तिथी 1627 मध्ये येते, तेही बरोबर. पण दुसरीला तोच नियम लावला तर 1629 येतं आणि चूक होते. फाल्गुन महिना जानेवारी उलटल्यावर येतो, म्हणून तिथे 79 मिळवायचे, उत्तर 1630. महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेली 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख याच तिथीची.

त्यातही एक पेच आहे. ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे; आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस 1 मार्चला येतो. 6 जून 1674 या राज्याभिषेकाच्या तारखेतही असाच दहा दिवसांचा फरक आहे. संगणक हे विचारत नाही. आकडा मिळाला की तो निमूट रेषेवर ठेवतो. म्हणून तक्त्यात ‘तिथी’ आणि ‘पुरावा’ असे दोन रकाने शिक्षकांनी वेगळ्या पानावर आखून द्यावेत. प्रीस्टलींच्या ठिपक्यांची सोय टाइमलाइनजेएसमध्ये नाही, पण तारखेच्या जागी दाखवायचा मजकूर स्वतः लिहिण्यासाठी रकाना आहे. ‘सुमारे’ हा शब्द तिथे लिहिता येतो.

गैरसमज 3: फाइल सगळ्यांना खुली केली की सगळी मुलं काम करतात.

वस्तुस्थिती: टाइमलाइनजेएसचा तक्ता ज्यात भरतात त्या गूगल शीट्समध्ये एका वेळी शंभर जणांना बदल करता येतात, पण टंकलेखन बहुधा दोघं-तिघंच करतात. कोणत्या चौकटीत कोणी काय बदललं, हे ‘एडिट हिस्टरी’ दाखवते; मात्र खात्यात न शिरता, नुसत्या दुव्यावरून आलेल्यांची नावं कळत नाहीत. शिवाय टंकणारा आणि शोधणारा एकच असतो असं नाही. प्रत्येक गटाला काही ओळी नेमून द्याव्यात, आणि दुसऱ्या गटाने त्या पुराव्यासकट तपासाव्यात. तपासणाऱ्याने मूळ मजकुरावर लिहू नये, शेरा जोडावा. म्हणजे वाद कुठे झाला ते नंतर वाचता येतं.

गैरसमज 4: प्रत्येक मुलाकडे संगणक हवा.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ या शालेय आकडेवारीच्या 2023-24 च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे 57 टक्के शाळांत संगणक आणि सुमारे 54 टक्के शाळांत इंटरनेट होतं. म्हणजे जवळपास निम्म्या शाळांना हा उपक्रम वेगळ्या वाटेनेच करावा लागेल. घटनांच्या कागदी चिठ्ठ्या दोरीवर अडकवून क्रम, अंतर आणि पुरावा यांवरची चर्चा आधी उरकता येते. मग शिक्षकांच्या एका लॅपटॉपवर नोंदी चढवायला एक तास पुरतो. नाइट लॅबचा स्वतःचा सल्लाही वीसपेक्षा जास्त पानं न करण्याचाच आहे.

गैरसमज 5: दुवा वर्गालाच दिलाय, म्हणजे काम वर्गापुरतंच राहतं.

वस्तुस्थिती: टाइमलाइनजेएससाठी गूगलचा तक्ता ‘वेबवर प्रकाशित’ करावाच लागतो. तो झाला की दुवा हाती लागलेल्या कोणालाही वाचता येतो. त्यामुळे मुलांची पूर्ण नावं, हजेरी क्रमांक किंवा फोटो तक्त्यात नकोत. ‘गट अ’, ‘गट ब’ एवढं पुरतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या सर्वांना बालक धरून त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. चित्रांचंही तसंच. इंटरनेटवर सापडलेलं चित्र फुकट वापरायला मोकळं असतंच असं नाही. परवाना पाहून, श्रेयाच्या रकान्यात छायाचित्रकाराचं किंवा संग्रहाचं नाव मुलांनीच लिहावं.

गैरसमज 6: ऑनलाइन केलेलं काम कायम राहतं.

वस्तुस्थिती: अनेक वर्गांत वापरला जाणारा गूगलचा ‘जॅमबोर्ड’ हा ऑनलाइन फळा 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाला. कालरेषेची साधनंही अशीच बंद पडू शकतात किंवा मोफत योजना आखडती घेऊ शकतात. म्हणून शिक्षकांनी मूळ माहिती साध्या तक्त्यातच ठेवावी आणि उपक्रम संपला की पुराव्यांच्या रकान्यासह त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून घ्यावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तोच तक्ता तपासायला देता येईल.