गाडी विकत घ्यायची की महिन्याच्या भाड्याने? सही करण्याआधी ही आकडेमोड करा



आमच्या बॅचमधला एक तरुण सोलर पॅनल बसवण्याचं काम करतो. त्याला सहा महिन्यांचं काम मिळालं. साइट सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत विखुरलेल्या, म्हणजे गाडी हवीच. हप्ता नको म्हणून त्याने ओळखीतल्या एकाची घरगुती कार १५,००० रुपये महिन्याने घेतली. कागद नाही, करार नाही, "आपलाच माणूस आहे".

दुसऱ्या महिन्यात अपघात झाला. देवाच्या कृपेने माणसं वाचली. विम्याच्या सर्व्हेयरने विचारलं, "गाडी कोणाची, तुमच्याकडे कशी?" याने खरं ते सांगितलं, भाड्याने घेतली आहे. क्लेम नाकारला गेला. दुरुस्तीचे १,३५,००० रुपये याच्या खिशातून गेले. त्या कामातला जवळजवळ सगळा नफा!

भाड्याने गाडी घेणं ही चूक नव्हती. चुकीची गाडी भाड्याने घेतली, ही चूक होती.

आधी नंबर प्लेट बघा

पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने द्यायला मोटार वाहन कायदा, १९८८ परवानगी देत नाही, आणि खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतही भाड्याचा वापर वगळलेला असतो. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. काही कंपन्यांच्या सबस्क्रिप्शन योजनेत पांढऱ्या प्लेटची गाडी तुमच्याच नावावर नोंदवून मिळते, तो प्रकार वेगळा. बाकी कोणी पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात देतोय, तर हात जोडा आणि निघा.

आणखी एक, कार माणसांसाठी असते. रोज माल टाकायचा असेल तर मालवाहतुकीचा छोटा टेम्पोच बघा.

आता हिशोब करू

हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावातले भाव विचारून स्वतःचे टाका.

समजा, गाडी ऑन-रोड ८ लाखांना पडते. २ लाख डाउन पेमेंट, ६ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण १२,७५० रुपये. तीच गाडी भाड्याने २४,००० रुपये महिना, देखभाल आणि विमा मालकाचा.

तुम्ही लगेच म्हणाल, "सर, हप्ता तर निम्मा आहे!" थांबा. हप्ता म्हणजे खर्च नाही. खरा खर्च काम संपल्यावर कळतो.

सहा महिन्यांनी काम संपलं, गाडी विकली आणि ६,२०,००० आले असं धरा. किमतीतला तोटा १,८०,०००, तोवर भरलेलं व्याज सुमारे २९,०००, सर्व्हिसिंग १२,०००. एकूण २,२१,०००. भाडं किती झालं असतं? १,४४,०००. म्हणजे भाड्याने ७७,००० वाचले.

आता दोन वर्षं धरा. गाडी ५,२०,००० ला विकली. तोटा २,८०,०००, व्याज सुमारे १,०१,०००, दुसऱ्या वर्षाचा विमा ३०,०००, सर्व्हिसिंग ४८,०००. एकूण ४,५९,०००. भाडं मात्र ५,७६,०००. इथे विकत घेणं परवडलं.

कळलं? प्रश्न "स्वस्त काय" हा नाहीच. प्रश्न आहे, तुमच्या हातातलं काम किती महिन्यांचं पक्कं आहे? कामाची मुदत जेवढी, गाडीची बांधिलकी तेवढीच ठेवा. काम थांबलं म्हणून हप्ता थांबत नाही. शिवाय उद्या मशिनरीसाठी बँकेत गेलात, तर तिथे आधी चालू हप्ते बघतात.

करारात हे पाच मुद्दे शोधा

१. महिन्याला किती किलोमीटर? समजा २,००० ची मर्यादा आहे आणि पुढे किलोमीटरला ९ रुपये. तुम्ही २,६०० फिरलात तर ५,४०० जादा. भाडं २४,००० नाही, २९,४०० झालं.

२. मुदतीआधी गाडी परत केली तर किती कापणार?

३. अपघात झाला तर जास्तीत जास्त किती रक्कम तुमच्या खिशातून?

४. गाडी बंद पडली तर बदली गाडी किती तासांत?

५. डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि फास्टॅग व ई-चलानचे पैसे कधी, कसे वळते करणार?

तोंडी उत्तर चालणार नाही. लिहून घ्या.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढा. किलोमीटरचा आकडा, टायर, स्टेपनी, जुने ओरखडे, सगळं दिसू द्या. आरसी, विमा, पीयूसी, परमिट यांची मुदत तपासा. परत देतानाही असाच व्हिडिओ.

बिल धंद्याच्या नावावर

धंद्यासाठी दिलेलं भाडं त्याच वर्षीच्या खर्चात धरता येतं. विकत घेतलेल्या कारवर साधारण वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, आणि त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. लहान कारच्या भाड्यावरचा जीएसटी मात्र तुमच्यासारख्या व्यवसायात सहसा परत मिळत नाही, म्हणून भाव विचारताना जीएसटी धरूनच विचारा. तुमच्या सीएशी एकदा बोलून घ्या.

त्या सोलरवाल्या मित्राचं पुढे काय झालं? उरलेले चार महिने त्याने काळ्या प्लेटची गाडी घेतली. महिन्याला ९,००० जास्त गेले, पण काम वेळेत दिलं. त्याच ग्राहकाने त्याला तीन वर्षांचं देखभालीचं काम दिलं. तो करार हातात आल्यावर त्याने स्वतःची गाडी बुक केली. आधी काम, मग गाडी.

या आठवड्याचा गृहपाठ: सात दिवस रोज किती किलोमीटर फिरलात ते वहीत लिहा. त्याला चारने गुणा, वर थोडी भर धरा. तो आकडा घेऊनच भाव विचारायला जा. समोरचा तुम्हाला नवखा समजणार नाही!