घाटकोपरची ‘ती’ आणि तिची साडी

रोज घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याकडे धावताय? मग ही स्टोरी तुमच्यासाठीच!

आजीच्या देवघरातली लक्ष्मी आठवते? कमळावर उभी, अंगावर काठाची साडी, गळाभर दागिने. घराघरांत पोचलेल्या असल्या चित्रांचा राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली घाटकोपरात होता. हो, आपल्याच घाटकोपरात!

साडीतली सेलिब्रिटी

रविवर्मा (१८४८-१९०६) मूळचे केरळमधल्या किळिमानूरचे. युरोपातल्या तैलरंगांत त्यांनी आपल्याकडच्या बायका रंगवल्या. रेशमाची चमक, जरीचा जडपणा, मोत्यावरचा उजेड... साडी हाताला लागेल असं वाटतं. केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला १८७३ साली व्हिएन्नात बक्षीस मिळालं. १८९३ मध्ये त्यांची दहा चित्रं थेट शिकागोला गेली.

पण तैलचित्र परवडायचं कोणाला? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि तसलीच बडी मंडळी. मागणी इतकी, की बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी सुचवलं, चित्रांच्या छापील प्रती काढा. त्यातूनच पुढे छापखाना उभा राहिला. दगडावर चित्र उलटं काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, शेवटी तैलचित्रासारखी झाक यावी म्हणून वार्निश. आणि घरोघरच्या बायकांची हौस बघा! छापील साडीवर खरी जर, टिकल्या, कापड चिकटवून त्या चित्राला नटवायच्या.

धंद्याचं गणित मात्र जमलं नाही. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातलं. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. कर्ज वाढत गेलं आणि १९०१ साली तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकावा लागला. १९७२ च्या आगीत बरंच काही जळून गेलं.

तिचं नाव काय?

एक गोष्ट मात्र खटकते. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंचं पोर्ट्रेट त्यांच्या नावानिशी ओळखलं जातं. बाकीच्या? ‘फळं घेतलेली बाई’, ‘चांदण्यातली बाई’. त्यांच्या साडीचा काठ आपण ओळखतो, नाव नाही. चित्रासाठी पैसे मोजणारीचं नाव राहिलं, समोर बसलेलीचं पुसलं गेलं.

तुमच्याही घरी कपाटात एखादा जुना फोटो असेल. नऊवारी, नथ, खुर्चीच्या कडेला ताठ उभी. ‘ही कोण गं?’ असं आजीला आजच विचारा. आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहून ठेवा. आजीनंतर ते सांगणारं कोणी नसेल.

वीकेंड टिप

मूळ चित्रं बघायचीत? बोरिवलीहून रात्रीची गाडी पकडा, सकाळी बडोदा. महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्मांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. निवांत बघा, घाई लोकलसाठी ठेवा.