मस्तानीला न्याय मिळाला, की केवळ सहानुभूती?

लोकापवादाने ज्या स्त्रियांना खलनायिका ठरविले, त्यांना पडद्याने नायिकापद बहाल करावे, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. दक्षिण कोरियात २०१३ मध्ये ‘जांग ओक-जंग’ ही ऐतिहासिक मालिका प्रसारित झाली. जांग ही सतराव्या शतकातील राजा सुकजोंग याची उपपत्नी. सामान्य कुळात जन्मून ती काही काळ राणीपदापर्यंत पोहोचली, १६९४ मध्ये पदच्युत झाली आणि १७०१ मध्ये राजाज्ञेने तिला विष देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या मत्सरी आणि कारस्थानी म्हणून रंगविलेल्या या स्त्रीला मालिकेने राजावर उत्कट प्रेम करणारी नायिका केले. मराठी वाचकाला हे ऐकताना आठवण होते ती मस्तानीची.

कागदपत्रे आणि दंतकथा

१७२९ मध्ये मोहम्मदखान बंगशाने बुंदेलखंडाच्या राजा छत्रसालाला जैतपूर येथे कोंडीत पकडले. बाजीराव पेशव्यांनी धावून जाऊन त्याची सुटका केली. कृतज्ञ छत्रसालाने त्यांना पुत्रवत मानून राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा देऊ केला. मस्तानी ही त्याचीच कन्या, तिची आई मुसलमान उपपत्नी होती, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जुन्या कथनांनी मात्र तिला नाचणारीण ठरविले. तिने विडा खाल्ला की पानाचा रस गळ्यातून उतरताना दिसे, ही दंतकथा घरोघरी पोहोचली. जैतपूरचा राजकीय संबंध मागे पडला. द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या ग्रंथात या दंतकथांची चिकित्सा करून ती छत्रसालाची कन्या असल्याची बाजू मांडली.

पुण्यात तिच्या वाट्याला आला तो घरातील विरोध. १७३४ मध्ये जन्मलेल्या तिच्या मुलाची, समशेर बहादूरची, मुंज करण्यास ब्रह्मवृंदाने नकार दिल्याचे सांगितले जाते. १७४० च्या सुरुवातीस बाजीराव नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेत गुंतले असताना मस्तानी पुण्यात कैदेत होती. त्यामागे बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा आणि पुत्र नानासाहेब होते. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. तिने विष घेतले, की धक्क्याने तिचा अंत झाला, यावर एकमत नाही.

कादंबरीपासून चित्रपटापर्यंत

तिच्याविषयीच्या दृष्टीत बदल घडविण्यात ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ (१९७२) या कादंबरीचा वाटा मोठा आहे. पुढे स्मिता तळवलकर यांनी त्यावर दूरदर्शन मालिका केली. २०१५ मध्ये संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपटही याच कादंबरीच्या आधारे आला. काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचविणाऱ्या ‘पिंगा’ गाण्यावरून तेव्हा मोठा वाद झाला. पुण्यापासून दूर, बुलडाणा जिल्ह्यातील उदयनगरसारख्या (पूर्वीचे उंद्री) गावातील प्रेक्षकाला मस्तानी भेटते ती बखरीतून किंवा दप्तरातून नव्हे, तर पडद्यावरून. म्हणूनच पडदा काय दाखवितो आणि काय वगळतो, याला महत्त्व आहे.

प्रेमकथेपलीकडे

खलनायिकेची प्रेमिका झाली, तरी दोन्ही चित्रांत पुरुषाला मोहविणारी स्त्री हीच ओळख उरते. जांगच्या उत्कर्षाला आणि पतनाला दरबारातील दोन गटांचा सत्तासंघर्ष कारणीभूत होता. तिचा पक्ष हरला आणि तिच्याविषयीच्या कथा विजयी पक्षाच्या सोयीने रचल्या गेल्या. मस्तानीचा विवाहसंबंधही बुंदेलखंड आणि पुणे यांच्यातील राजकीय नात्याचा भाग होता. तिला झालेला विरोध केवळ सवतीमत्सराचा नव्हता. त्यामागे सोवळ्याओवळ्याचा, घराण्याच्या प्रतिष्ठेचा आणि वारशाचा प्रश्न होता. सहानुभूतीच्या भरात हा प्रश्न नजरेआड होतो आणि तिच्यावर अन्याय करणारी व्यवस्था नामानिराळी राहते.

आईच्या मृत्यूनंतर समशेर पेशव्यांच्या घराण्यातच वाढला. मुंज नाकारल्या गेलेल्या या मुलाने १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून प्राण दिले. त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याची नबाबी स्थापन केली. १८५७ च्या उठावात बांद्याच्या नबाबाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. हा वंशाचा इतिहास पडद्यावर फारसा येत नाही.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणलेला मस्तानी महाल पुन्हा उभारलेला आहे. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला तिचे नाव आहे आणि शिरूर तालुक्यात पाबळ येथे तिची समाधी आहे. चित्रपट पाहून तेथे जाणाऱ्याने तिच्या सौंदर्याबरोबरच तिला कैदेत ठेवणाऱ्यांची कारणेही विचारली, तर सहानुभूतीचे पाऊल न्यायाच्या दिशेने पडेल.